जुन्या गेमांची तपासणी

९ सप्टेंबर २००३, मंगळवार

जुळलं. सहाच्या सहा.

डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला बोलावलं. धर्मराज पडद्यामागं डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता. म्हणाले, रक्तगट एकच, आणि पेशींच्या सहाही खुणा जुळल्या. तुमची एक किडनी त्याला बसते. "सख्ख्या भावातही असं चारात एखाद्याचंच जुळतं. नशीबवान आहे तुमचा भाऊ!"

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

कोणाला विचारणार? आईला शुगर, तिची किडनी चालत न्हाई हे आधीच सांगितलेलं. वडील न्हाईत. धर्मराजचं लग्न ठरता ठरता त्याच्या पायावर सूज आली, सोयरीक तिथंच मोडली. उरलो मी.

पॅसेंजरमध्ये तो खिडकीशी बसला. मशीनवरून उठला की त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा दिसतो. करमाडच्या पुढं विचारलं, "दादा, तुह्या रिपोर्टचं काय झालं?"

म्हणालो— आला न्हाई अजून. पुण्याहून यायचाय.

बदनापूर आलं. उतरून घराकडं निघालो.

१० सप्टेंबर

सांगितलं न्हाई.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज परत औरंगाबाद. डॉक्टर दिसले तसा मी चहाला म्हणून खाली गेलो. छत्तीस वर्षांचा माणूस, संशोधन केंद्रात क्लार्क, दोन पोरींचा बाप— जिन्याखाली लपून राह्यलो!

१४ सप्टेंबर, रविवार

हिनं आज धर्मराजची खोली साफ करायला काढली. डॉक्टर म्हणतात त्याच्याभोवती धूळ नको. पलंगाखालून दोन खोके निघाले. आमच्या दुकानाच्या, व्हिडिओ गेमच्या कॅसेटा. मला वाटलं होतं केव्हाच भंगारात गेल्या असतील.

दुकान म्हणजे स्टेशन रोडवरची ती दहा बाय बाराची खोली. एक्याण्णव ते नव्व्याण्णव. तीन टीव्ही, तीन मशीन, बाकडी. धर्मराज एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. कॉलेज सोडून त्यानंच काढलं, मी नोकरीवरून आलो की संध्याकाळी बसायचो. शाळा सुटली की उभं राहायला जागा नसायची. मंग घरोघर केबल आली, जालन्याला कम्प्युटर आले, आणि एक दिवस पाहिलं तर बाकड्यावर आम्ही दोघंच.

ही त्याला म्हणाली, "भाऊजी, भंगारवाला येऊन राह्यला, देऊन टाकू का?"

तो उठून बसला. "वहिनी, थांबा. आधी एक एक लावून पाहतो. जो अजून खेळावा वाटतो तो ठेवू. जो गेला तो गेला."

ती माझ्याकडं पाहायला लागली. आजारी माणसाला काय म्हणणार! म्हणाली, "तुम्ही बसा त्यांच्यासंगं."

म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात. दिवसभर केंद्रावर तुरीच्या वाणांची रजिस्टरं, आठवड्याला दोन दिवस दवाखाना, आणि रविवारी व्हिडिओ गेम.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. सकाळी केंद्रावर झेंडावंदन, दुपारी धर्मराजची खोली.

मशीन एकदम चालू झालं न्हाई. पूर्वी आम्ही कॅसेटला फुंकर मारायचो. धर्मराजला आता दोन फुंकरांत दम लागतो. त्यानं दवाखान्यातून आणलेला स्पिरिटचा कापूस घेतला, सुई टोचायच्या आधी हात पुसतात तो, आणि कॅसेटची पितळी दातं पुसली. लागली!

पहिला विटांचा गेम. वरून तुकडे पडतात, खाली रचायचे, ओळ भरली की गायब. काहीच बदललं न्हाई त्यात. बदलायला होतंच काय? मी दहा मिनिटं म्हणून बसलो आणि ही चहा ठेवून गेली ते कळलंच न्हाई. चहावर साय धरली.

धर्मराजनं चिकटपट्टीवर लिहिलं— टिकला.

दुसरा विमानांचा. खालून आपलं एक विमान, वरून शंभर. तीन मिनिटांत मेलो. परत लावला, दोन मिनिटांत. मी म्हणालो, आपले हात गेले. तो म्हणाला, "हात न्हाई गेले दादा. हा गेम असाच होता. पोरगं लवकर मरावं आन् दुसऱ्यानं बसावं म्हणून बनवलेला. तवा आपल्याला बराबर वाटायचं, कारण दुकान आपलं होतं." बाद.

खेळताना त्याचा डावा हात उशीवर ठेवावा लागतो. मनगटाच्या वर डॉक्टरांनी डायलिसिससाठी नस जोडलेली आहे, तिथं बोट ठेवलं की माशी गुणगुणावी तसं आत घुंघुं करतं. त्या हातावर जोर द्यायचा न्हाई. तरी मला विटांत दोनदा हरवलं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज मोटारगाड्यांचा. हा कॅसेटचा न्हाई, सीडीचा. दुकान बंद व्हायच्या वर्षभर आधी ते नवं मशीन आणलं होतं. काय गर्दी झाली होती! अंबडहून पोरं एसटीनं यायची. धर्मराज सगळ्यांना सांगायचा, पाहा, बिलकुल खरी गाडी, काचेत आभाळ दिसतं.

आज लावला तर दोघं एकमेकांकडं पाहायला लागलो. गाड्या खोक्याच्या. झाडं म्हणजे कागदावर चितारून उभी केलेली पाटी, बाजूनं गेलं की सपाट! रस्त्याच्या कडेची माणसं विळ्यानं तासल्यासारखी. हेच आम्हाला खरं वाटत होतं?

"विटा ह्याच्याहून बी दहा वर्षं जुन्या," धर्मराज म्हणाला. "त्या कुठं म्हणल्या आम्ही खऱ्या हावोत म्हणून? हा खरं दाखवायला गेला. त्याच्याहून खरं आलं की हा मेला."

बाद. सीडीची डबी मात्र त्यानं बराच वेळ हातात धरली. ते मशीन आणायला आम्ही दोघं मिळून गेल्तो.

२६ सप्टेंबर

डायलिसिसवर असताना धर्मराजच्या पायात गोळे आले. ओरडला. मी पोटऱ्या दाबत होतो. नर्स म्हणाली, दोन दिवसांत पाणी जास्त प्यालं. पाणी किती, तर दिवसाचं लिटरही न्हाई! त्यातच चहा, त्यातच भाजीचा रस. आई त्याला बर्फाचा खडा देते चोखायला, लहान लेकराला द्यावा तसा.

डॉक्टर आज समोरासमोर भेटले. मी म्हणालो, विचार चालू आहे. ते म्हणाले, विचार करा, पण फार नको. मी मान हलवली.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

आईनं सोनं देताना हात धरला. "भुजंगा, तुहा रिपोर्ट कवा येनार बाबा? महिना होत आला."

म्हणालो, येईल.

सणाच्या दिवशी आईशी खोटं बोललो. आपट्याचं पान हातात घेऊन.

मला कशाची भीती वाटते ते लिहून पाहतो. कापतील त्याची. भूल दिल्यावर उठलोच न्हाई तर, त्याची. पोरींची. एका किडनीवर पुढं माझीच गेली तर मला कोण देणार, त्याची. आणि एक आहे ते लिहवत न्हाई. तरी लिहितो— एवढं करून त्याच्या अंगाला ती लागलीच न्हाई तर? वाया गेली तर? हा विचार येतो. सख्ख्या भावाबद्दल वाया हा शब्द येतो.

६ ऑक्टोबर

कालचं पान फाडणार होतो. ठेवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

मारामारीचा गेम. दोन पैलवान समोरासमोर, लाथा, बुक्क्या. दुकानात ह्याच्यावर भांडणं व्हायची, खरीखुरी. टेंभुर्णीचा एक राधाकिसन नावाचा होता, तो बसला की मागं वीस जण उभे राहून ओरडायचे.

आज आम्ही दोघं. त्यानं कोपऱ्यात धरून एकच लाथ मारत ठेवली. मीही दुसऱ्या डावात तेच केलं. संपलं. गेममध्ये तेवढंच होतं! मला धक्काच बसला. ह्यावर आम्ही आठ वर्षं काढली?

धर्मराज म्हणाला, "ह्याच्यात काही नव्हतंच दादा. मागं उभी माणसं होती तोच गेम होता."

बाद लिहिलं. मंग लाईट गेली. आम्ही अंधारलेल्या पडद्यासमोर तसेच बसून राह्यलो. उन्हाचा एक पट्टा त्याच्या पायावर पडला होता. पाय सुजलेले.

१२ ऑक्टोबर, रविवार

फौजींचा गेम निघाला. दोन फौजी, जंगलातून पळत जायचं, गोळ्या चुकवायच्या. दोघांनी मिळून खेळायचा. हा आमचा सगळ्यात आवडता. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघंच खेळायचो.

पहिल्या मिनिटात समजलं, हा टिकला. उडी मारली की फौजी तिथंच पडतो जिथं आपल्याला पाहिजे. मेलो तर आपल्या चुकीनं मेलो, गेमच्या न्हाई. धबधब्याजवळ कुठून गोळी येते ते बोटांना पाठ होतं, मला नव्हतं! हसलो आम्ही. खरंच हसलो. आई दारात येऊन पाहून गेली.

ह्या गेमात प्रत्येकाला ठरावीक जीव असतात. एकाचे संपले तर तो बटण दाबून दुसऱ्याच्यातला एक घेऊ शकतो. विचारायचं न्हाई, नुसतं दाबायचं. धर्मराज तेव्हा माझे सर्रास घ्यायचा. मी शिव्या द्यायचो, तो दात काढायचा.

तिसऱ्या टप्प्यावर त्याचे संपले. माझ्याकडं चार होते.

मी थांबलो. तो बटण दाबील म्हणून माझा फौजी एका जागी उभा केला.

त्यानं दाबलं न्हाई. रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तू जा पुढं."

मी एकटा थोडा गेलो. मेलो.

पट्टीवर काही लिहिलं न्हाई आज.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जाताना गाडीत जागा मिळाली. राहवलं न्हाई. विचारलं, "परवा बटण का न्हाई दाबलं?"

बाहेर पाहत म्हणाला, "तुला माहीत हे."

"काय माहीत हे?"

"दादा, डॉक्टरनं मला कवाच सांगितलं. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. त्याला वाटलं तू घरी सांगितलं असन."

महिना झाला. महिनाभर त्याला माहीत होतं! मी दर वेळी पुण्याहून यायचाय म्हणालो, आणि तो दर वेळी बरं म्हणाला.

समोर एक बाई टोपलीत कोंबड्या घेऊन बसली होती. मी त्या कोंबड्यांकडं पाहत राह्यलो.

तोच बोलला. "तू देऊ नको. मी डॉक्टरला म्हणलो, भावाची नको. दोन लेकी हेत तुला. आन् दुसरं सांगू का— तू दिली, तर मंग मला जन्मभर तुला जिंकू द्यावं लागन. विटांत बी. मला न्हाई जमायचं ते."

हसला. मी न्हाई हसलो.

दवाखान्यात मशीनला लावल्यावर तो झोपला. आज मी चहाला गेलो न्हाई. तिथंच स्टुलावर बसलो. त्याचं रक्त एका नळीतून बाहेर येतं, दुसऱ्या नळीतून आत जातं. चार तास. पाच महिने झाले मी येतो, पण आज पहिल्यांदा पूर्ण पाहिलं.

१६ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. आधी चिडली. "महिनाभर! मला न्हाई, आईंना न्हाई! एकटेच घेऊन फिरलात?" मंग रडली. मंग पीठ मळायला लागली.

पोळ्या होत आल्यावर म्हणाली, "मी न्हाई म्हणणार न्हाई. पण अहो, मला हो म्हणायला पण लावू नका. माझ्या तोंडून निघायचं न्हाई ते."

बराबर आहे तिचं.

२५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पोरींनी फटाके त्याच्या खिडकीपासून लांब उडवले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

२८ ऑक्टोबर

त्याला जिना चढवताना उचलावं लागलं. माझ्यापेक्षा उंच तो. वजन काहीच न्हाई.

२ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा खोका. रणगाड्यांचा गेम. विटांच्या भिंती, दोघांचे दोन रणगाडे, मधला किल्ला सांभाळायचा. टिकला हे लावल्या लावल्या कळलं. इतका साधा की त्यात जुनं व्हायला काही न्हाईच. आणि ह्यातही दोघं लागतात. मी मनात मोजलं, टिकले ते बहुतेक दोघांचेच. विटा सोडून.

तो वरची बाजू सांभाळत होता, मी खालची. मी पडद्याकडं पाहत म्हणालो, "मी देणार हे."

"गेम चालू हे, दादा."

"चालू राहू दे. मी देणार हे."

"मी न्हाई म्हणलो ना तुला? डॉक्टरला बी म्हणलो."

"तू तुहं म्हणला. आता मी माझं म्हणून राह्यलो."

त्यानं खेळणं थांबवलं. माझ्याकडं वळला. डोळ्यांखाली पाणी साचल्यासारखी सूज असते त्याच्या, त्यामुळं रडतो का न्हाई ते कळत न्हाई. म्हणाला, "तू भेतो दादा. लहानपणापासून इंजेक्शनला भेतो. मला माहीत न्हाई का?"

"भेतो," मी म्हणालो. "अजून बी भेऊन राह्यलो. माझी भीती जायची वाट पाहिली तर तू जाशील. भीत भीतच देतो. चालन का तुला तशी?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं. तोवर शत्रूच्या रणगाड्यांनी किल्ला फोडला.

मंग म्हणाला, "चालन."

आणि लगेच, "पण विटांत मी सोडणार न्हाई."

"नको सोडू."

आईला दोघांनी मिळून सांगितलं. आईनं ऐकलं. उठून आत गेली, आणि आम्हा दोघांना एकेक गूळशेंगदाण्याचा लाडू आणून दिला. मंग आठवलं तिला, धर्मराजला शेंगदाणे चालत न्हाईत. त्याच्या हातातला काढून घेतला. तो माझ्या हातावर ठेवला.

१९ नोव्हेंबर

सगळा दिवस कागदात. आम्ही सख्खे भाऊ आहोत हे सिद्ध करायचं! रेशन कार्ड, शाळेचे दाखले. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव तातेराव, त्याच्या दाखल्यावर तात्याराव. ह्या एका अक्षरावरून प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. तहसीलच्या आवारात वडाखाली दोघं बसून राह्यलो. तो दमून माझ्या खांद्यावर झोपला. तिथल्या टंकलेखकानं पाहिलं आणि आपणहून आमचा कागद आधी घेतला.

११ डिसेंबर

पुणे. ऑपरेशन इथंच होणार, त्याला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मला आणि हिला वेगळं बोलावलं. पाच जण टेबलाच्या पलीकडं.

"तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"न्हाई."

"पत्नीला माहीत आहे?"

ही बाजूलाच होती. तिच्याकडं वळून विचारलं, तुमची हरकत आहे का? ती म्हणाली, "भीती आहे. हरकत न्हाई." एका बाईंनी चष्मा काढून पुसला.

२८ डिसेंबर

धर्मराजला ताप. ऑपरेशनची तारीख पुढं गेली. आता नवीन तारीख कधी, सांगत न्हाईत. मी इतका तयार झालो होतो! आता परत भीती पहिल्यापासून सुरू.

५ जानेवारी २००४

ताप उतरला. तारीख मिळाली, १५.

केंद्रावर रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण वाचलं, उभे राहिले, आणि सही केली. उभे का राहिले कोण जाणे.

१३ जानेवारी, मंगळवार. पुणे

शेजारी शेजारी खाटा दिल्यात आजपुरत्या. धर्मराज म्हणतो, पडद्यावर चित्र हलतं हेच आपण लहानपणी पाहून येडे झाल्तो, मंग काय काय आलं, सगळं पाहिलं आपण. मी म्हणालो, गप पड. तो गप पडला. थोड्या वेळानं म्हणाला, "दादा, वाया गेली तर?"

तोच शब्द. त्याच्याही मनात होता.

मी म्हणालो, "गेली तर गेली. दोघांची मिळून गेली."

उद्या रात्रीपासून काही खायचं-प्यायचं न्हाई.

१६ जानेवारी, शुक्रवार

कुशीत आग आहे. दोन ओळी लिहितो.

मला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. त्याच्याकडं कोणाला जाऊ देत न्हाईत. सकाळी आई माझ्या वॉर्डाच्या दारात आली, तिला आत यायचं सुचलं न्हाई, तिथूनच पदर सावरत ओरडली— "भुजंगा! मुतला रे! सात महिन्यांनी धर्मा मुतला! पिशवी भरली!"

सगळा वॉर्ड हसला. मला हसता येत न्हाई, टाके दुखतात. तरी हसलो.